जुन्या गाडीचं वायरिंग: माल बदलण्याआधी वाट तपासा

खानापूरकडच्या एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली ॲम्बॅसॅडर उभी असते. निपाणीला तंबाखूच्या वखारीत जीप, तर बेळगावात टिळकवाडीतल्या बंगल्यामागं प्रीमियर पद्मिनी. टाकी साफ केली, कार्ब्युरेटर धुतला, नवी बॅटरी चढवली की इंजिन बहुधा धडधडतं. त्या काळची इंजिनं चिवट. खरी कटकट त्यानंतर सुरू होते. हेडलाईट पिवळट, हॉर्न घोगरा, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. "लाईट मंद पेटालीय, बॅटरीच बदलून टाका की" हा सल्ला पहिल्या चहाबरोबर मिळतो. बॅटरी बदलते, मग बल्ब, मग खटका, मग वीज बनवणारा डायनॅमो उघडला जातो. पैसे जातात आणि लाईट पिवळी ती पिवळीच.

बहुतेक वेळा या वस्तू धड असतात. वस्तूपर्यंत वीज नेणारी आणि तिथून परत आणणारी वाट झिजलेली असते. ही वाट समजली तर निम्मं सामान विकत घ्यायची वेळच येत नाही, आणि जे घ्यावं लागतं ते नेमकं कोणतं हे कळतं.

विहिरीवरून लांबच्या फडाला पाणी न्यायचं तर पाईप किती जाड आणि किती लांब, यावर शेवटच्या टोकाला दाब किती उरतो ते ठरतं. मोटर तीच असली तरी बारीक पाईप घातला की शेवटच्या सरीत नुसतं गळतं. वायरीचंही तसंच. बॅटरी १२ व्होल्ट देते. वायर, जोड, खटका आणि फ्यूजची पट्टी त्यातला थोडाथोडा वाटा खातात आणि उरेल तो बल्बला मिळतो. उपमा इथवरच ठीक आहे. पाणी शेतात मुरतं, विजेला मात्र बॅटरीत परत यावं लागतं.

आता आकडे बघू. हॅलोजन बल्बची मोठी लाईट ६० वॅटची. दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, म्हणजे १२ व्होल्टला १० अँपिअर. बॅटरीपासून डॅशबोर्डवरच्या खटक्याला, तिथून पायाखालच्या डिपरला आणि मग पुढं बल्बपर्यंत वायर सहज पाच मीटर भरते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मीटरमागं साधारण ०.०१८ ओहम असतो. पाच मीटरला तो ०.०९ ओहम झाला. त्यातून १० अँपिअर गेले की ०.९ व्होल्ट वाटेतच संपले. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त ०.३६ व्होल्ट जातात. हा झाला नव्या, चकचकीत वायरीचा हिशोब. जुन्या गाडीत यात गंजलेला लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची पट्टी), ढिला सॉकेट आणि काळवंडलेला खटका यांची भर पडते. एखाद्या जोडात नुसता ०.१ ओहम रोध आला तरी १० अँपिअरला एक व्होल्ट गेलाच, शिवाय त्या एवढ्याशा जागी १० वॅटची उष्णता तयार होते. सॉकेटचं प्लास्टिक पिवळं पडून वितळलेलं दिसतं ते यामुळं.

फिलामेंटच्या बल्बचा स्वभाव असा की व्होल्टेज १० टक्के घटलं की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. म्हणून व्होल्टभराची गळती डोळ्याला एवढी जाणवते. त्यातच मूळ गाडीला कमी वॅटचे साधे बल्ब होते, वायर आणि खटका त्याच हिशोबानं बसवलेले. त्या वायरीवर हॅलोजन, आणि हौसेनं ९०-१०० वॅटचे बल्ब लावले की उजेड वाढण्याऐवजी खटका तापतो.

परतीची वाट

गाडीत बल्बकडं जाणारी एकच वायर दिसते, कारण परतीची वायर म्हणजे गाडीचा पत्रा. यालाच आपण अर्थ किंवा बॉडी म्हणतो. पत्रा गंजला, लगखाली रंग बसला, स्क्रू सैल झाला की परतीची वाट बंद. आणि वाट बंद झाली तर वीज गप्प बसत नाही, दुसरी वाट शोधते. जुन्या गाडीतली भुताटकी वाटणारी सगळी लक्षणं इथून येतात.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो त्याचं कारण हेच. मागच्या दिव्याच्या घराला ब्रेकचा बल्ब आणि इंडिकेटरचा बल्ब यांची अर्थ एकत्र असते. ती तुटली की ब्रेकच्या बल्बमधून आलेली वीज इंडिकेटरच्या फिलामेंटमधून उलटी शिरते आणि पुढच्या इंडिकेटरमार्गे बॉडी गाठते. दोन्ही बल्ब एका रांगेत आल्यानं दोन्ही अर्धवट जळतात. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारी डबी, बदलून काहीही होत नाही. दिव्याच्या घराचा एक स्क्रू काढून, पत्रा खरवडून पुन्हा आवळला की काम झालं.

याहून गमतीचा प्रकार इंजिनाचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं तुटलेलं. म्हणून इंजिन आणि चॅसी यांच्यामध्ये विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. सेल्फ मारताना शंभर-दोनशे अँपिअर याच पट्टीतून परततात. पट्टी कुजली तर तो सगळा प्रवाह चोकच्या नाहीतर ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो. केबल तापते, तिचं कव्हर वितळतं, कधी धूर येतो. मग चोकची केबल नवी येते, आठवड्यात तीही अडकते. सेल्फ जड वाटला आणि कुठली केबल गरम लागली तर सगळ्यात आधी ही पट्टी बघा.

डेंटिंग-पेंटिंग करून आलेल्या गाडीत नवी दुखणी का उपटतात याचंही उत्तर इथंच आहे. पेंटरनं प्रत्येक अर्थच्या जागेवर प्रायमर आणि रंगाचे थर चढवलेले असतात. रंग विजेला आडवतो. नाण्याएवढी जागा पत्र्यापर्यंत खरवडायची, दातेरी वॉशर घालून लग आवळायचा आणि वरून पेट्रोलियम जेली फासायची. जेली आवळल्यानंतर, आधी नाही.

आमच्या बेळगाव जिल्ह्यात हवेचा फरकही मोठा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळाभर ओल हटत नाही. तिथल्या गाडीत अर्थचे लग आणि बल्बचे होल्डर हिरवे पडतात. अथणीकडं उन्हानं वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं. आणि उसाच्या पट्ट्यात तोडणी झाली की उंदरांचा मुक्काम फडातून शेडमधल्या बॉनेटखाली हलतो. म्हणून गाडी कुठून घेतली हे वायरमनला सांगावं. कुठं हात घालायचा ते त्याला कळतं.

मोजायचं कसं

साधा मल्टिमीटर पुरतो. बहुतेक जण बल्ब काढून होल्डरमध्ये व्होल्टेज बघतात, १२.६ दिसतं आणि वायर चांगली आहे असा निष्कर्ष निघतो. हा मोठा फसवा आकडा. भार, म्हणजे वीज खाणारा बल्ब, नसेल तर एका तंतूवर लटकणारी वायरही पुरे व्होल्ट दाखवते. गळती भार चालू असतानाच दिसते.

म्हणून लाईट चालू ठेवायची, मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवायचा, लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळं टोक बल्बच्या प्लस पिनेवर टेकवायचं. येईल तो आकडा म्हणजे जाण्याच्या वाटेत गेलेले व्होल्ट. मग एक टोक बल्बच्या अर्थ पिनेवर आणि दुसरं बॅटरीच्या मायनसवर. हा परतीचा हिशोब. जाताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आणि येताना ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर त्या बाजूला काम आहे. मग काळं टोक एकेक जोड मागं सरकवत न्यायचं. ज्या जोडावर आकडा एकदम पडतो, तोच गुन्हेगार. या खटपटीला अर्धा तास लागतो आणि तो नव्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतो.

मात्र मीटर लावण्याआधी गाडीची अर्थ कोणती हे बघा. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बऱ्याच ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असे. दुसऱ्या महायुद्धातल्या जीप ६ व्होल्टच्या. लष्करी लिलावातून आलेल्या गाड्यांत २४ व्होल्टही सापडतं. बल्बला प्लस-मायनसनं काही फरक पडत नाही. एलईडी, रेडिओ आणि मोबाईल चार्जर मात्र उलटे जोडले की संपले.

डायनॅमोवाल्या गाडीबद्दल एक गैरसमज. लुकास या ब्रिटिश कंपनीचा जुना डायनॅमो २०-२२ अँपिअरच्या आसपास देतो, तोही इंजिन फिरतं असताना. रात्री पावसात हेडलाईट आणि वायपर लावून टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबलात आणि अँमीटरचा काटा उणे बाजूला गेला, म्हणजे बॅटरी रिकामी होतेय असं दिसलं, तर घाबरू नका. आयडलिंगला डायनॅमो जवळपास काहीच देत नाही, ती त्याची घडणच आहे. गाडी चालू लागल्यावर काटा वर आला नाही तर कटआउट (डायनॅमोला बॅटरीशी जोडणारा-तोडणारा आपोआप खटका) आणि डायनॅमोचे ब्रश तपासा.

वायर आणि फ्यूज

जुन्या वायरीवर आधी रबर आणि त्यावर कापडी वीण असे. रबर वाळून भुगा होतो, वरची वीण मात्र शाबूत दिसते. म्हणून नुसतं बघून ठरवू नये, वायर बोटाभोवती वाकवून बघावी. करकरली की गेली. नंतरच्या गाड्यांत पीव्हीसी आलं, ते तुलनेनं टिकतं, पण इंजिनाजवळ तेही कडक होतं. एखाददुसरी वायर गेली असेल तर तेवढीच बदला. आवरण जागोजागी तडकलेलं असेल तर अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बदलणं शहाणपणाचं. ठिगळांच्या वायरिंगमधला बिघाड शोधताना वायरमनचे तास वाया जातात आणि ते तास आपल्याच बिलात येतात.

दुकानातून घरगुती वायर आणू नका. तिचं आवरण पेट्रोल, ऑईल आणि इंजिनाच्या उष्णतेसाठी नसतं, आणि एकतारी वायर तर थरथरीनं तुटतेच. बारीक तंतूंची ऑटो वायर मीटरवर मिळते. स्वस्तात मिळाली तर टोक ब्लेडनं खरवडून बघा. आतून पांढरी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. तिचा रोध जास्त आणि लगमध्ये ती दाबून राहत नाही. जाडीचा ढोबळ अंदाज असा: पार्किंग दिवे आणि इंडिकेटरला १ चौरस मिलिमीटर, हॉर्नला दीड ते दोन, हेडलाईटच्या मुख्य वायरीला अडीच, डायनॅमो-अल्टरनेटरपासून बॅटरीला चार ते सहा. सेल्फची केबल वेगळीच, बोटाएवढी. तिथं काटकसर करू नये.

जोड दाबून करायचा, म्हणजे क्रिम्प. त्यासाठी योग्य जबड्याचा पक्कड लागतो. साध्या पकडीनं चेपलेला लग वर्षभरात ढिला होतो. नुसतं सोल्डर करणारे बरेच आहेत, पण सोल्डर तंतूंमध्ये वर चढतं, वायर तिथं कडक होते आणि नेमकी त्या कडेला तुटते. वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळणारी नळी) घातली की झालं. काळी चिकट टेप एप्रिल-मेच्या उन्हात पाघळते, म्हणून हार्नेस गुंडाळायला कापडी किंवा बिनचिकटीची टेप घ्यावी.

फ्यूज हा बल्ब वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. म्हणून फ्यूज वायरीच्या जाडीवरून ठरतो. इथं जुन्या ब्रिटिश गाड्यांची एक मेख आहे. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, तो उडण्याचा आकडा; सतत वाहून न्यायची त्याची क्षमता त्याच्या निम्मी, म्हणजे सतराच्या आसपास. आजच्या ब्लेड फ्यूजवरचा आकडा सतत वाहून नेण्याचा असतो. ३५चा काढून ३५चा ब्लेड बसवला तर संरक्षण निम्मं झालं. तिथं १५ किंवा फार तर २० घाला. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून चालवलेले फ्यूज अजून सापडतात. ते दिसले की सगळा हार्नेस संशयानं तपासायचा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत हेडलाईटला फ्यूजच नव्हता, हेही ध्यानात असू द्या.

लुकास पद्धतीच्या वायरिंगमध्ये प्रत्येक रंगाचं काम ठरलेलं आहे. काळी म्हणजे अर्थ. तपकिरी थेट बॅटरीची, कायम जिवंत. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी तीच पण फ्यूजमधून आलेली. निळी हेडलाईटची: निळ्यावर पांढरी रेघ मोठ्या लाईटची, लाल रेघ खालच्या उजेडाची (डिप). लाल वायर पार्किंग आणि टेललाईटची. हिरव्यावर लाल रेघ डावा इंडिकेटर, पांढरी रेघ उजवा, जांभळी रेघ ब्रेक. पद्मिनीसारख्या फियाट वंशाच्या गाड्यांचा हिशोब वेगळा, त्यांना हा तक्ता लावू नये. आणि कुठल्याही गाडीत रंगावर डोळे झाकून विश्वास नको. चाळीस वर्षांत पाच-सहा वायरमनचे हात लागलेले असतात, ज्याच्याकडं जी वायर होती ती त्यानं ओढलेली असते.

काम सुरू करताना बॅटरीची अर्थची बाजू आधी सोडायची आणि शेवटी जोडायची. उलट केलं तर पाना बॉडीला टेकला की ठिणगी. फोटो काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, एका वेळी एकच सर्किट उघडा. जुना हार्नेस शक्यतो अखंड बाहेर काढून लांब फळीवर पसरायचा आणि नवी वायर त्याच्यावर मापून कापायची. पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट हवाच. दोन रुपयांची ही चकती नसल्यानं पत्र्याची धार वायर कापते आणि गाडी पेटते. वायर दिव्यात शिरण्याआधी थोडी खाली लोंबू द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथून टपकून जातं, होल्डरमध्ये उतरत नाही.

हेडलाईटसाठी रिले बसवायचं माझं आग्रहाचं मत आहे. जुना खटका फक्त रिलेला इशारा देतो, त्यातून पाव अँपिअरसुद्धा जात नाही. मोठा प्रवाह बॅटरीपासून फ्यूजमार्गे सरळ बल्बला. रिलेवर आकडे छापलेले असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला बल्ब, ८६ ला जुन्या खटक्याची वायर, ८५ ला अर्थ. डाव्या-उजव्या दिव्याला वेगळे फ्यूज ठेवा, म्हणजे चोर्ला घाटात एक उडाला तरी दुसरा जळत राहील. रिले ग्रिलच्या मागं लपवता येतात. मूळ रूप बिघडतं म्हणून नको म्हणणारे शौकीन आहेत, पण जळालेला खटका मूळ रूपात परत मिळत नाही.

किरकोळ सामान

इग्निशनचे पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी प्रवाह जोडणारे-तोडणारे) आणि त्यांना करपण्यापासून वाचवणारा कंडेन्सर ही जोडी एकत्र बघावी. लुकास डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटमधलं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. पॉइंट लवकर लवकर करपत असतील तर कंडेन्सर संशयित. पण चालता कंडेन्सर फेकू नका; नव्या मालाचा दर्जा खालीवर असतो, जुना डिकीत राहू द्या. फ्लॅशर जुन्या प्रकारचा, आतली पट्टी तापून लुकलुकणारा असेल तर एलईडी बल्बवर तो नीट चालत नाही, कारण तापायला पुरेसा प्रवाहच मिळत नाही. दोष बल्बला दिला जातो.

सामान मिळण्याचं म्हणाल तर ॲम्बॅसॅडर १९५७ पासून २०१४ पर्यंत बनत होती, तिचं फारसं अडत नाही. पद्मिनीची टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून ३० ऑक्टोबर २०२३ ला गेली. भंगारातल्या टॅक्सींचे दिवे, खटके, होल्डर अजून फिरतात. बेळगावकर पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर बंगळूरच्या जे. सी. रोडला चक्कर टाकतात. पितळी स्टड, बुश, टर्मिनल असली बारीक कामं मात्र बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथवर करून घ्यावीत; नमुना नेला की होतं.

वायरिंग उघडलंच आहे तर पेट्रोलची रबरी नळीही बदला, हा भाग विजेचा नसला तरी. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. जुन्या रबराला इथेनॉल मऊ करतं, फुगवतं, मग ते चिरतं. चिरलेली नळी आणि ठिणगी टाकणारी वायर शेजारी शेजारी नकोत. आपल्याच पट्ट्यातल्या उसाचं इथेनॉल आपल्याच आजोबांच्या गाडीची नळी खातंय, काय बोलणार! इथेनॉलला टिकणारी नळी मागून घ्या, आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदा, तोही बघून घ्या.

कागदपत्रांची चिंता करणाऱ्यांसाठी एवढंच: जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली खासगी दुचाकी-चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपये, नंबरात व्हीए ही अक्षरं. अट चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नसण्याची आहे; झिजलेली वायर तशीच नवी घालणं त्यात मोडत नाही. पण विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याला चालत नाही. पद्मिनी हे नावच १९७४ चं, तेव्हा तिच्यातल्या सगळ्यात जुन्या गाड्या नुकत्या कुठं या वयाला पोचल्यात.

काम संपल्यावर बॅटरी थेट जोडायची घाई करू नका. बॅटरीची अर्थ आणि बॉडी यांच्यामध्ये २१ वॅटचा एक साधा बल्ब जोडा. चावी बंद, दारं बंद, सगळे खटके बंद असताना तो अंधारात राहिला पाहिजे. उजळला तर कुठंतरी शॉर्ट आहे, आणि वायर जळण्याऐवजी बल्ब जळतोय एवढंच. फ्यूज एकेक काढत जा. ज्याच्यावर बल्ब विझेल ते सर्किट पुन्हा उघडा. एकही फ्यूज काढून विझला नाही तर तपकिरी वायरीच्या मागं लागा, कारण त्यांच्या वाटेत फ्यूज नसतो. बल्ब शांत राहिला की तो काढून बॅटरी नीट जोडा, हेडलाईट लावून गाडी वीस मिनिटं चालू ठेवा आणि मग प्रत्येक जोड, खटका, फ्यूजची पट्टी हातानं चाचपा. जे गरम लागेल ते पुन्हा उघडायचं.